पाटीखालचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे आणि कालपर्यंत माझ्या पोटात कोळसा होता. दौंडला रेल्वेच्या क्वार्टर्स आहेत, त्यांतल्या एकीच्या परसात मी वर्षभर तसा उभा होतो. चार लोकांपुढे स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही. मातीच्या वस्तूने रागावून बोलावं का, हेही मला नक्की सांगता येत नाही. पण आता बोललो नाही तर मला तडा जाईल, म्हणून बोलतो. चुकलं तर पोटात घाला.

माझा जन्म शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठच्या इनामगावात झाला. म्हस्कू कुंभाराने मला घडवलं. आतून दगडी गोटा आणि बाहेरून लाकडी फळी धरून त्याने मला तीन दिवस थापलं. त्याच दिवसांत गावाशेजारचं जुनं टेकाड शिकलेली माणसं खणत होती. तिथून तीन हजार वर्षांपूर्वीचे रांजण निघाले होते. ती माणसं एकेक तुकडा ब्रशने झाडत, त्यावर बारीक आकडा घालत आणि कापसात गुंडाळून ठेवत. म्हस्कू हातातलं काम थांबवून ते बघत राही. एकदा तो मला म्हणाला, "बघ लेका, तुझ्या पणजोबाला कापसात ठेवत्यात." मला वाटलं, जगात सगळ्या रांजणांना असाच मान मिळतो. माझी पहिली चूक ती.

मला विकत घेतलं हौसरावांनी. हौसराव म्हणजे शिरूरचे मोठे बागाईतदार. त्यांचे वडील मारुतराव आदल्या वर्षी वैशाखात वारले होते. त्यांच्या नावाने हौसरावांनी त्र्याहत्तर सालच्या पाडव्याला एस. टी. स्टँडजवळ पाणपोई घातली. ते दुष्काळाचं वर्ष होतं. सलग दोन पावसाळे हुकले होते, विहिरींचे तळ दिसत होते, आणि खडी फोडायला जाणारी माणसं स्टँडवर मिळेल त्या गाडीची वाट पाहत बसलेली असत. मला वाळूत अर्धं पुरलं, अंगाला ओलं गोणपाट गुंडाळलं, साखळीला पेला बांधला आणि डोक्यावर पाटी लावली. मला अक्षर ओळखता येत नाही. पण येणारा-जाणारा पाटी मोठ्याने वाचायचा, त्यामुळे ती मला पाठ झाली: कैलासवासी मारुतराव यांच्या स्मरणार्थ. त्या दिवशी हार आणले, नारळ फोडला, फोटो काढला.

पाणी भरायचं काम हौसरावांचा गडी खंडू याच्याकडे होतं. बैलगाडीत टिपाड घालून तो मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणी. चार दिवस त्याने आणलं. पाचव्या दिवशी हौसरावांनी त्याला बैलांसकट चाऱ्याच्या छावणीवर धाडलं. पाणी कोण भरणार हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि खंडूनेही विचारलं नाही. गड्याने विचारायचं नसतं म्हणे. सहाव्या दिवशी मी कोरडा पडलो. अशा पाणपोया मी नंतर पुष्कळ ऐकल्या, पाडव्याला भरलेल्या आणि आठवड्यात सुकलेल्या. पाटी मात्र कुठलीच सुकत नाही.

माझ्यापासून दहा पावलांवर, लिंबाखाली, तानुबाई चिंचा विकायला बसायची. ती बौद्धवाड्यातली. वय साठीच्या पुढे, नवरा वारलेला, एकुलता मुलगा चांगदेव दौंडला रेल्वेत कारकून. त्या सहाव्या दिवशी खडीच्या कामावरून आलेल्या एका बाईने माझ्यात पेला घातला. पेला तळाला खडखडला. बाईने वर पाटीकडे बघितलं आणि पोराला काखेत घेऊन निघून गेली. तानुबाई उठून माझ्याजवळ आली. तिने माझ्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पाटी वाचता येती. पिता न्हाई येत."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला भरलं.

ते पाणी कसं यायचं ते नीट ऐका, कारण लोक हेच विसरले. घोडनदी आटली होती. वाळूत कमरेइतका खड्डा काढायचा आणि बसून राहायचं. तळाला पाणी झिरपायचं, ते वाटीने भरून हंड्यात घालायचं. वाटी वाळूला लागली की पाणी गढूळ, मग पुन्हा थांबायचं. एका हंड्याला तास लागे. वरच्या अंगाचे झिरे, म्हणजे असे खड्डे, इतरांचे होते, बौद्धवाड्याचे खालच्या अंगाला, आणि तिथे पाणी आणखी उशिरा यायचं. तानुबाई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन पहाटे दोन खेपा करी. पुण्याची पहिली गाडी सुटायच्या आत मी भरलेला असे. दर आठ दिवसांनी ती मला नारळाच्या शेंडीने आतून घासायची. मग ती चिंचा घेऊन लिंबाखाली बसे, आणि लोक माझं पाणी पिऊन वर पाहत आणि म्हणत, "मारुतराव भला माणूस होता."

मारुतरावांना मी कधी पाहिलं नाही. ते भले असतीलही. पण त्यांनी हंडा उचलला नव्हता. मी कितीदा ओरडलो असेन, पण रांजणाचा आवाज घुमतो आणि आतच राहतो.

एकदा सुट्टीत चांगदेव शिरूरला आला. आई घरात नाही म्हणून शोधत स्टँडवर आला, तर ती माझ्यात हंडा ओतत होती.

"आई, हे कुणाचं काम करतीस?"

"माझं."

"वर नाव कुणाचं हाय?"

"मला कुठं वाचता येतं?"

"मला येतं." चांगदेवचा आवाज दबलेला होता. "आप्पांनी वेसकरकी सोडली, ती काठी मोडून चुलीत घातली. तूच सांगतीस दर साली. आन् आता तू हौसरावाच्या बापाच्या नावानं पाणी वाहतीस?"

वेसकरकी म्हणजे गावाच्या वेशीवरची राखण. ती आणि गावाची असली सगळी कामं एकेकाळी त्यांच्या समाजावर लादलेली होती. नाही म्हणायची सोय नव्हती. ती सोडायला त्या लोकांना फार सोसावं लागलं होतं. म्हणून चांगदेवचा राग मला कळत होता. तानुबाईलाही कळला असावा. तिने कळशी खाली ठेवली.

"तुझ्या आप्पाला सांगत हुते, हे कर, ते कर. सांगितल्यालं काम सोडलं आपण. हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"लोकांना काय ठावं?"

"लोकांना तहान लागलीया, चांगदेव. त्यान्ला आत्ता दुसरं काय बी ठावं न्हाई." मग ती म्हणाली, "आलाच हायस तर एक खेप आण."

त्याने आणली नाही. तो पुढच्याच गाडीने दौंडला गेला. चांगदेवला मी वाईट म्हणत नाही. पण ती एक खेप मी अजून मोजतो आहे.

वैशाखात मारुतरावांचं वर्षश्राद्ध आलं. हौसराव सकाळी दहा वाजता पाहुण्यांना घेऊन माझ्यापाशी आले. छावणीतून खंडूलाही बोलावून घेतलं होतं. पाटीला नवा हार घातला. लोकांच्या रांगेला बाजूला थांबवून पाहुण्यांना आधी पेले दिले. शंकरराव नावाचे एक पाहुणे होते, मोठे अडतदार. त्यांनी दोन पेले घेतले आणि मिशा पुसत म्हणाले, "हौसराव, पाणी गोड हाय."

"आमच्या मळ्यातलं हाय, आबांनी खणलेल्या विहिरीचं," हौसराव म्हणाले. वडिलांना ते आबा म्हणत.

मित्रांनो, ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. येता-जाता माझं गोणपाट ओलं दिसायचं, आणि ओलं आहे म्हणजे आपल्याच गड्याने भरलं असणार, एवढा त्यांचा हिशेब होता. ज्याच्या घरी कायम दुसऱ्यानेच पाणी भरलं, त्याच्या हातून अशी चूक होते. खोटं परवडलं असतं. या न विचारण्याचा मला जास्त राग येतो.

मग हौसरावांनी खंडूला पुढे बोलावलं. आपल्याकडे कुणाचा मान करायचा तर टॉवेल-टोपी देतात. हौसराव म्हणाले, "दुष्काळात एक दिवस खाडा न करता ह्यानं पाणी भरलं, म्हणून आबांच्या नावानं हा मान."

खंडू पुढे आला, पण त्याने हात पुढे केले नाहीत.

"मालक, मी न्हाई भरत."

"आं?"

"मी चारच दिस भरलं. तुम्ही मला छावणीवर धाडलं तवापासनं तानुबाई भरती."

"कोण तानुबाई?" शंकररावांनी विचारलं.

"ती काय, चिंचंवाली. बौद्धवाड्यातली."

सगळे लिंबाकडे बघायला लागले. तानुबाई एका पोरीला चिंचा देत होती. तिने मान वर केली नाही. शंकररावांचा चेहरा आंबट झाला. त्यांना चूळ भरायची होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. साऱ्या स्टँडवर पाणी फक्त माझ्यात होतं. शेवटी ते तसेच तोंड मिटून उभे राहिले. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

हौसराव म्हणाले, "खंडू उन्हातनं आलाय. काय बी बोलतोय." त्यांनी टोपी स्वतःच्या हाताने खंडूच्या डोक्यावर ठेवली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. खंडूने खरं सांगितलं होतं, दहा माणसांनी ते ऐकलं होतं, आणि तरी एका टोपीखाली ते खरं झाकलं गेलं. पाहुणे पांगल्यावर हौसराव खंडूला हळू म्हणाले, "रांजण उपडा कर."

खंडू हलला नाही.

"ऐकलंस का?"

"मालक, रांगंत माणसं हायेत. पिऊ द्या त्यान्ला. मग करतो."

"तुला म्हायत होतं आन् बोलला न्हाईस."

"बोललो असतो तर बंद पडलं असतं. छावणीवरनं येता-जाता मी बी ह्येच पाणी पीत हुतो."

हौसरावांनी मग स्वतः मला पायाने रेटलं. मी आडवा झालो. माझ्या काठाचा एक टवका दगडावर उडाला. उरलेलं दोन हंडे पाणी, म्हणजे दोन तासांचं झिरपणं, रांगेतल्या चाळीस माणसांच्या पायांखालून वाहून गेलं. एक बाई खाली बसली आणि तिने पदराचं टोक त्या ओल्या मातीत बुडवून पोराच्या ओठांना लावलं. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात मला दुसरं कशाचं एवढं वाईट वाटलेलं नाही.

तेव्हा तानुबाई उठून आली. मला वाटलं होतं ती भांडेल, निदान रडेल. तिने आधी माझा उडालेला टवका उचलला. मग म्हणाली, "हौसराव, माझं पाणी मी उद्या पुन्हा आणीन. तुमच्या आबांच्या नावाचं तेवढं सांडलं. ते कुठनं आणनार?"

हौसरावांनी पाठ फिरवली. ते गाडीत बसून गेले. खंडूने टोपी काढून टॉवेलात गुंडाळली आणि काखेत मारली. मग त्याने आणि तानुबाईने मला घोळवत लिंबाखाली नेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा भरलेला होतो. माझ्यावर पाटी नव्हती.

पण मूळ पाटी होती तिथेच राहिली. हौसरावांनी तिच्याखाली नवा रांजण बसवला, तोही चार दिवसांत सुकला. माणसं दहा पावलं चालून माझ्याकडे येत, पाणी पीत, आणि तिकडच्या पाटीकडे बघून हात जोडत. ज्यांनी डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं तीच माणसं आषाढात पाऊस आल्यावर म्हणू लागली, "दुष्काळात मारुतरावांच्या पाणपोईनं तारलं." तीन वर्षांनी हौसरावांनी आपल्या घराण्याच्या इतिहासाची छोटी पुस्तिका छापली. स्टँडवर एकाने ती मोठ्याने वाचली. तिच्यात माझ्यावर अख्खं पान होतं. विहीर होती, आबांचं दातृत्व होतं, हजारो तहानलेले होते. तानुबाई शेजारीच चिंचा निवडत होती. वाचणारा म्हणाला, "म्हातारे, तू हुतीस की तवा हितंच. खरं का गं हे?"

"तहान खरी हुती," तानुबाई म्हणाली.

त्याच साली तिचे गुडघे गेले आणि चांगदेवने तिला दौंडला आणलं. ती मला सोडून यायला तयार नव्हती. चांगदेव चिडला, पण एका ट्रकवाल्याला सांगून त्याने मलाही आणलं. क्वार्टरमध्ये नळ होता, माझी गरज नव्हती. तरी ती होती तोवर दोन कळश्या पाणी माझ्यात असे. परसामागच्या वाटेने रेल्वेतली माणसं कामावर जात, ती येऊन पीत. गेल्या वर्षी तानुबाई गेली. महिन्याभरात माझ्यात कोळसा आला. इनामगावात माझ्या पूर्वजांचे तुकडे कापसात निजले होते, आणि मी, ज्याने कालपरवा माणसं जगवली, बंबाचा कोळसा सांभाळत होतो. चांगदेवची बायको अनसाबाई एकदा म्हणाली होती, "आत्याबाईंचा रांजण हाय, नको." पण तिचं कुणी ऐकलं नाही. माझा हा राग खरा तर लहान आहे. मोठा राग काल आला.

काल तानुबाईचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. वंदना झाली, माणसं परसात बसली. शिरूरहून खंडू आला होता. आता तो म्हातारा झाला आहे. चांगदेवने एक नवी वही काढली. त्याने आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला आहे. फार चांगलं काम आहे. ज्यांची नोंद कुणी ठेवली नाही त्यांनी स्वतः ठेवली पाहिजे, असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. मग त्याने वाचायला सुरुवात केली. आजोबा पलटणीत होते, त्यांची अर्धं पान हकीकत. वडिलांनी वेसकराची काठी मोडली, त्याचं एक पान. स्वतःचं शिक्षण आणि नोकरी, दोन पानं. आणि आई: "आई तानुबाई. स्वभावाने कष्टाळू. सन अठ्ठ्याहत्तर साली निधन." त्याने वही मिटली.

मी वाट पाहत होतो. कोळशाच्या आत मी वाट पाहत होतो.

"आन् पाणी?" खंडूने विचारलं.

"कसलं पाणी, खंडूमामा?"

"कसलं म्हंजी? दुष्काळातलं."

चांगदेव खाली बघत म्हणाला, "ते नको, मामा. उद्या माझी पोरं वाचतील. म्हणतील, आमची आजी हौसरावाच्या रांजणात पाणी भरत हुती."

 खंडूने पिशवीतून एक घडी काढली. पिवळा पडलेला टॉवेल होता आणि त्यात टोपी, कधी न वापरलेली.

"हौसरावाच्या रांजणात मी भरत हुतो, चांगदेव. चार दिस. सांगितलं म्हणून भरलं आन् दुसरं काम सांगितलं तवा सोडलं. चाकरी ती. तुझ्या आईला कुणी सांगितलं हुतं?"

चांगदेव वहीचा कोपरा दुमडत राहिला.

"सांग की. कुणाचं ऐकून ती नदीवर जात हुती?"

"कुणाचंच न्हाई."

"मग?" खंडूने ती घडी वहीवर ठेवली. "हे सा वर्सं माझ्या पेटीत पडलंय. डोक्याला लावायची हिंमत न्हाई झाली. माझं न्हाई ते."

चांगदेव उठला. त्याने मला आडवं केलं आणि कोळसा बाहेर ओढला. नळाची बादली आणून मला घासायला बसला, पँट वर सरकवून, पाहुण्यांसमोर. पहिलं पाणी काळं निघालं, दुसरंही काळं. अनसाबाईने कपाटातून माझा टवका आणून दिला. तानुबाईने तो इतकी वर्षं जपला होता, हे मलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी चांगदेव वही घेऊन बसला आणि बराच वेळ लिहीत राहिला. त्याने ते मोठ्याने वाचलं नाही, आणि मला वाचता येत नाही. त्यामुळे त्यात काय आहे ते मी सांगू शकत नाही. कदाचित चांगलं असेल. कदाचित पुन्हा एकच ओळ असेल. मला अजून खात्री वाटत नाही.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार मागत नाही. मला कापसात ठेवू नका. तुमच्या घरात कुणी जुन्या गोष्टींची वही लिहीत असेल, तर जवळ जाऊन बसा आणि विचारा की हिच्यात पाणी कोणी भरलं ते लिहिलंय का. नसेल तर वही मिटू देऊ नका. मोठ्या माणसांना राग येईल. येऊ द्या.

आज सकाळी अनसाबाईने मला फाटकापाशी आणून भरलं. दुपारी पोस्टमन आला. त्याने घटाघटा दोन पेले घेतले आणि सवयीने वर पाहिलं. वर पाटी नव्हती. मग त्याने दारातल्या अनसाबाईला विचारलं, "कुणाचं म्हणायचं हे पाणी?"

आणि अनसाबाई म्हणाली, "तानुबाईचं."